सोमलाचा संशय

कादंबरी सुरू होते तेव्हा खटला जवळजवळ संपलेला असतो. साक्षी झाल्या आहेत, वकिलांची भाषणे आटोपली आहेत आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात म्हातारे न्यायाधीश ज्यूरीला सगळा पुरावा पुन्हा एकदा समजावून सांगत आहेत. पिंजऱ्यात उभी आहे हॅरिएट वेन. ती रहस्यकथा लिहून पोट भरते. फिलिप बॉयस या लेखकाबरोबर ती लग्नाशिवाय राहत होती, नंतर त्याच्यापासून वेगळी झाली. आता त्याच फिलिपला सोमल घालून मारल्याचा आरोप तिच्यावर आहे. डोरोथी एल. सेयर्स यांची ‘स्ट्राँग पॉयझन’ ही कादंबरी १९३० साली आली. खून केलेला नसताना फासावर जाण्याच्या बेतात असलेल्या बाईची गोष्ट इंग्रजी रहस्यकथेत इतकी नेमकी क्वचितच सांगितली गेली असेल.

हॅरिएटविरुद्धचा पुरावा साधासुधा नाही. पुढच्या कादंबरीसाठी, लंडनमध्ये विष किती सहज मिळते हे पाहायला म्हणून, तिने खोट्या नावांनी दुकानांतून विषे विकत घेतली होती आणि त्यांत सोमलही होता. मृत्यूच्या काही दिवस आधी एका संध्याकाळी फिलिप आपल्या चुलतभावाकडे, नॉर्मन अर्कार्ट या सॉलिसिटरकडे, जेवला. त्या जेवणातला प्रत्येक पदार्थ दुसऱ्या कोणीतरी खाल्लेला आहे. शेवटचे गोड ऑम्लेट तर फिलिपने टेबलावर स्वतःच्या हाताने केले आणि दोघा भावांनी वाटून खाल्ले. तिथून तो हॅरिएटकडे गेला, कॉफी प्यायला आणि रात्री आजारी पडला. म्हणजे उरली ती कॉफी. न्यायाधीश हे सगळे क्रमाने मांडतात. पण मांडता मांडता ते आणखी एका गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळतात: ही बाई एका पुरुषाबरोबर लग्नाशिवाय राहिली होती.

हा दुसरा मुद्दा सेयर्स यांनी कल्पनेने रचलेला नाही. त्यामागे ब्रिटनमधल्या सोमलाच्या खटल्यांचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो माहीत असला की कादंबरीचे पहिलेच प्रकरण वेगळ्या अर्थाने वाचता येते.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सोमल कमालीचा स्वस्त होता. कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या खाणींतून तांबे आणि कथील काढताना तो आपोआप हाती लागे. पांढरी भुकटी, जवळजवळ बेचव, पीठसाखरेत मिसळली तर ओळखू न येणारी. उंदीर मारायला, मेंढ्यांच्या अंगावरचे किडे घालवायला, भिंतीच्या कागदाला हिरवा रंग द्यायला, औषधात, सौंदर्यप्रसाधनात, सगळीकडे तो वापरला जाई. ‘फाउलर्स सोल्युशन’ नावाचे सोमलयुक्त औषध १७८६ पासून डॉक्टर ताप-खरजेवर देत होते. १८५८ साली ब्रॅडफर्डमध्ये मिठाईत भेसळीची स्वस्त पूड घालताना दुकानातून चुकून सोमल दिला गेला. त्या पेपरमिंटच्या वड्या खाऊन वीसेक माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. शिवाय सोमलाच्या विषबाधेची लक्षणे, म्हणजे उलट्या, जुलाब, पोटात आग, थेट पटकीसारखी दिसत. ज्या शतकात पटकीची साथ दर काही वर्षांनी येत होती, त्या शतकात एखादा खून पटकीच्या नावावर खपून जाणे अवघड नव्हते.

ही अडचण जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाला चांगलीच जाणवली. तो वुलिचच्या शाही शस्त्रागारात कामाला होता. १८३२ साली जॉन बॉडल या तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा खटला चालला. मार्शने सोमल ओळखला, पण त्याने केलेला पिवळा साका खटल्यापर्यंत टिकला नाही आणि ज्यूरीचे समाधान झाले नाही. बॉडल सुटला. मार्शने हे मनावर घेतले आणि चार वर्षांनी, १८३६ मध्ये, नवी कसोटी जाहीर केली. संशयित द्रव्य आम्ल आणि जस्ताबरोबर ठेवायचे, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीसमोर गार चिनीमातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा, आरशासारखा चकचकीत डाग उमटतो. हा डाग टिकतो आणि ज्यूरीच्या डोळ्यांसमोर धरता येतो. विषप्रयोगाच्या खटल्यात रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने आले ते इथून. १८४० साली फ्रान्समध्ये नवऱ्याला मारल्याच्या आरोपावरून मारी लाफार्ज या तरुणीवर खटला चालला, तेव्हा याच कसोटीने आधी सोमल सापडला नाही. मग पॅरिसहून ऑर्फिला हा विषतज्ज्ञ आला आणि त्याला सापडला. तिला जन्मठेप झाली. ती खरोखर दोषी होती की नाही यावर फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे वाद चालू राहिला.

ब्रिटनमध्ये त्याच दशकात एसेक्स परगण्यातल्या काही गरीब बायकांवरच्या खटल्यांनी वर्तमानपत्रांची पाने भरली. मार्च १८५१ मध्ये सारा चेशम या बाईला चेम्सफर्ड इथे फाशी झाली. त्याच वर्षी पार्लमेंटने सोमलाच्या विक्रीवर पहिला कायदा केला. दुकानदाराने नोंदवही ठेवायची, त्यात गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि कारण लिहायचे, अनोळखी माणसाला ओळखीच्या साक्षीदाराशिवाय माल द्यायचा नाही, आणि थोडक्या प्रमाणात विकलेल्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे तो साखर म्हणून कोणाच्या पानात पडणार नाही. नियम शहाणपणाचे होते. पण उमरावांच्या सभागृहात मसुद्यात आणखी एक कलम घुसले: सोमल फक्त प्रौढ पुरुषांना विकावा.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी हे कलम वाचले आणि मे १८५१ मध्ये गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांना संतापून पत्र लिहिले. दोन-तीन बायकांनी केलेल्या गुन्ह्यासाठी देशातल्या सगळ्या स्त्रियांना कायद्याने संशयित ठरवणे हा उघड अपमान आहे, हा त्यांचा मुद्दा होता. कलम वगळले गेले आणि विक्री सज्ञान व्यक्तीपुरती मर्यादित झाली. कायदा सुधारला, पण त्यामागची समजूत जशीच्या तशी राहिली. पुरुष हत्याराने मारतो आणि बाई विषाने, कारण स्वयंपाकघर तिच्या हातात असते, आजाऱ्याच्या उशाशी ती बसते, चहा-काढा तीच देते. त्या काळात विष घालणाऱ्या बायका नव्हत्या असे मुळीच नाही. मेरी ॲन कॉटन हिला १८७३ मध्ये डरहॅममध्ये फाशी झाली आणि तिच्या घरांतल्या मृत्यूंची यादी आजही अंगावर काटा आणते. पण डॉक्टर, विमा एजंट, सॉलिसिटर अशा पुरुषांनीही त्या काळात आणि पुढेही विष घातले. विष घालणारा पुरुष सापडला की लोक त्याला एकटा खलनायक मानत. बाईच्या बाबतीत मात्र दोष सगळ्या स्त्रीजातीचा ठरे.

याच वर्षी, १८५१ मध्ये, एका दूरच्या बातमीने युरोपचे लक्ष वेधले. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया या डोंगराळ भागातले शेतकरी वर्षानुवर्षे सोमल खातात, असे योहान याकोब फॉन त्शुदी या स्विस शास्त्रज्ञाने लिहिले. सुरुवात कणभराने करायची आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. त्याने डोंगर चढताना दम लागत नाही आणि गालांवर लाली येते, अशी त्यांची समजूत. पुढे क्रेग मॅक्लॅगन हा स्कॉटिश डॉक्टर तिथे जाऊन आला आणि त्याने १८६४ मध्ये आपली पाहणी छापली. १८७५ साली ग्राझच्या शास्त्रज्ञ परिषदेत दोन माणसांनी सर्वांसमोर सोमल खाऊन दाखवला. इंग्रजी मासिकांनी ही गोष्ट चवीने छापली आणि ती घराघरांत पोचली. स्टिरियाच्या या शेतकऱ्यांनी ब्रिटिश न्यायालयांचे दार पुढे दोनदा ठोठावले आणि तिसऱ्यांदा ते थेट सेयर्स यांच्या कादंबरीत शिरले.

पहिल्यांदा ते आले एडिंबरामध्ये, १८५७ साली. मॅडलिन स्मिथ ही ग्लासगोतल्या सुखवस्तू वास्तुविशारदाची मुलगी. पिएर एमिल लांजेलिए या साध्या कारकुनाशी तिचे चोरून प्रेम जमले आणि तिने त्याला शेकडो पत्रे लिहिली. मग घरच्यांनी तिचे लग्न प्रतिष्ठित ठिकाणी ठरवले. तिने पत्रे परत मागितली, त्याने दिली नाहीत, उलट वडिलांना दाखवण्याची धमकी दिली. २३ मार्चला तो मेला आणि त्याच्या पोटात ऐंशी ग्रेनहून जास्त सोमल निघाला. मारायला दोन-तीन ग्रेन पुरतात. मॅडलिनने सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या दुकानांतून सोमल घेतला होता. नव्या कायद्याप्रमाणे नोंदवहीत तिची सही होती, कारण ‘उंदीर’ आणि मालात काजळी किंवा नीळ. खरे कारण तिने असे सांगितले की मासिकांत स्टिरियाबद्दल वाचून ती तो तोंड धुण्याच्या पाण्यात मिसळत होती. तिच्या वकिलांनी ती मासिके न्यायालयात पुढे केली. त्या रात्री दोघांची भेट झाली होती हे सरकार पक्षाला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. पंधरा जणांच्या ज्यूरीने मुख्य आरोपावर ‘सिद्ध नाही’ असा खास स्कॉटिश निर्णय दिला.

मॅडलिन सुटली, पण न्यायालयात वाचलेली तिची पत्रे छापून निघाली आणि देशभर वाचली गेली. इतकी स्पष्ट शृंगारिक पत्रे एका अविवाहित मुलीने लिहिली, हाच अनेकांच्या दृष्टीने खरा गुन्हा होता. तिने ग्लासगो सोडले, विल्यम मॉरिसच्या व्यवसायाचा कारभार पाहणाऱ्या जॉर्ज वॉर्डलशी लग्न केले आणि शेवटी अमेरिकेत दुसऱ्या नावाने राहिली. १९२८ मध्ये, ‘स्ट्राँग पॉयझन’च्या दोनच वर्षे आधी, ती वारली.

रसायनशास्त्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणेही तितकेच धोक्याचे होते. १८५९ च्या स्मेथर्स्ट खटल्यात आल्फ्रेड स्वेन टेलर या देशातल्या सर्वात नावाजलेल्या विषतज्ज्ञाने एका बाटलीत सोमल असल्याचे सांगितले. नंतर त्यालाच कबूल करावे लागले की तो सोमल कसोटीसाठी वापरलेल्या तांब्यातून आला होता. डॉक्टर स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा झाली आणि मग माफी मिळाली.

मराठी वाचकाला या काळातला सोमलाचा एक खटला घरचा आहे. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली आणि संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा गाजलेला वकील त्यांच्या बचावासाठी बडोद्याला आला. चौकशी समितीत तीन इंग्रज आणि तीन हिंदी होते: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव राजवाडे. तिन्ही इंग्रजांना गुन्हा सिद्ध वाटला, तिन्ही हिंदी सभासदांना वाटला नाही. सरकारने विषाचा आरोप बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना गादीवरून काढले. पुराव्यावर एकमत झाले नाही तेव्हा आरोपीच्या वर्तनावर बोट ठेवून शिक्षा द्यायची, ही रीत महाराजांच्या बाबतीतही वापरली गेली.

पण या रीतीचे सर्वात वेदनादायक उदाहरण चौदा वर्षांनी लिव्हरपूलमध्ये घडले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जन्मलेली फ्लॉरेन्स ही जेम्स मेब्रिक या कापसाच्या दलालाची बायको. नवरा तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठा होता. तो सोमल खाई, शक्तिवर्धक म्हणून, आणि हे त्याच्या मित्रांना आणि औषधवाल्यांना ठाऊक होते. स्टिरियाच्या शेतकऱ्यांची सवय आता एका इंग्रज दलालाच्या घरात पोचली होती. एप्रिल १८८९ मध्ये जेम्स आजारी पडला आणि ११ मे रोजी मेला. फ्लॉरेन्सने बाजारातून माश्या मारायचे कागद आणून भांड्यात भिजवले होते. सोमल चेहऱ्याला लावायला हवा होता, असे तिने सांगितले. दुसऱ्या पुरुषाशी तिचे संबंध होते. त्याला लिहिलेले पत्र तिने टपालात टाकायला दाईकडे दिले, दाईने ते उघडून वाचले आणि नवऱ्याच्या भावांच्या हातात दिले. तिथून पुढे तिला स्वतःच्याच घरात पहाऱ्यात ठेवले गेले.

प्रेतात सोमल सापडला, पण मारक मानल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा कमी. मृत्यू सोमलानेच झाला की पोटाच्या दाहाने, यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देता येत नसे. तो अधिकार १८९८ मध्ये आला. फ्लॉरेन्सने पिंजऱ्यातून फक्त एक निवेदन केले.

न्यायाधीश होते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे नाव भारतात कायदा शिकलेल्या प्रत्येकाला परिचित आहे. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदे सदस्य म्हणून १८६९ ते १८७२ या काळात ते हिंदुस्थानात होते आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा त्यांनी तयार केला. मुंबई-पुण्यापासून प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयापर्यंत तो ३० जून २०२४ पर्यंत चालला. त्या कायद्याचे ५४ वे कलम सांगत असे की फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य अप्रस्तुत आहे, आरोपीने स्वतःच चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिलेला नसेल तर. ज्या माणसाने हे कलम आपल्या देशाला दिले, त्याने लिव्हरपूलमध्ये दोन दिवस ज्यूरीशी बोलताना शेवटी आरोपीच्या व्यभिचारावर इतका भर दिला की सोमलाच्या मात्रेचा प्रश्न मागे पडला. व्यभिचार हा हेतूचा पुरावा म्हणून प्रस्तुत ठरू शकतो, हे खरे. तरीही त्या समारोपाची नोंद वाचणाऱ्याला न्यायाधीश हेतूबद्दल बोलत नव्हते, ते बाईबद्दल बोलत होते, असेच वाटते. बारा पुरुषांच्या ज्यूरीने तासाभराच्या आत तिला दोषी ठरवले. न्यायालयाबाहेर जमलेल्या गर्दीने न्यायाधीशांच्या गाडीची हुर्यो उडवली.

गृहमंत्र्यांनी फाशी रद्द केली, पण जो हिशेब मांडला तो चमत्कारिक होता. तिने विष घालण्याचा प्रयत्न केला हे नक्की, पण मृत्यू त्या विषाने झाला का याबद्दल वाजवी शंका आहे, म्हणून जन्मठेप. ज्या गुन्ह्याबद्दल शंका मान्य केली, त्याच गुन्ह्याची शिक्षा तिने चौदा वर्षांहून अधिक काळ भोगली. प्रयत्नाच्या गुन्ह्याचा खटला तर तिच्यावर कधी चाललाच नाही. तेव्हा वरच्या न्यायालयात दाद मागायची सोयच नव्हती. फौजदारी अपील न्यायालय १९०७ मध्ये स्थापन झाले, आणि ते व्हावे म्हणून जी प्रकरणे वर्षानुवर्षे पुढे केली गेली त्यांत फ्लॉरेन्सचे नाव होते. १९०४ मध्ये सुटून ती अमेरिकेत परतली. १९४१ मध्ये कनेक्टिकटमध्ये ती वारली, तेव्हा शेजारपाजारच्यांना तिची ओळख लग्नाआधीच्या नावाने होती.

सेयर्स यांच्या पिढीच्या मनात मात्र जुन्या मेब्रिकपेक्षा ताजे नाव होते ते एडिथ थॉम्प्सनचे. ऑक्टोबर १९२२ मध्ये तिच्या तरुण प्रियकराने, फ्रेडरिक बायवॉटर्सने, रस्त्यात तिच्या नवऱ्याला भोसकले. एडिथ तिथे होती आणि तिने किंकाळ्या फोडल्याचे साक्षीदारांनी सांगितले. पण बायवॉटर्सकडे तिची पत्रे सापडली. नवऱ्याच्या अन्नात विष आणि कुटलेली काच घातल्याच्या गोष्टी तिने त्यांत लिहिल्या होत्या. नवऱ्याचे प्रेत उकरून शवविच्छेदनतज्ज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी तपासले, तर विषाचा किंवा काचेचा मागमूस नव्हता. कादंबऱ्या वाचून भारावलेल्या बाईने प्रियकराला गुंतवून ठेवण्यासाठी रचलेल्या त्या गोष्टी होत्या, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. न्यायालयाने त्या खऱ्या धरल्या. ९ जानेवारी १९२३ ला तिला फाशी झाली. त्याच प्रकरणावरून सुचलेली ‘द डॉक्युमेंट्स इन द केस’ ही कादंबरी सेयर्स यांनी रॉबर्ट युस्टेस यांच्यासोबत लिहिली आणि तीही १९३० मध्येच आली. एकाच वर्षी लिहिलेल्या या दोन पुस्तकांपैकी एकात खऱ्या बाईवरून घेतलेले पात्र दोषी आहे, आणि दुसऱ्यात कल्पनेतली बाई निर्दोष. सेयर्स एडिथकडे सहानुभूतीने पाहू शकल्या नाहीत, याची हळहळ वाटते.

हॅरिएटकडे मात्र त्यांनी सगळी सहानुभूती दिली, आणि त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. पाद्र्याची मुलगी, जन्म ऑक्सफर्डचा, सॉमरव्हिल कॉलेजात पहिल्या वर्गात उत्तीर्ण. १९२२ पासून त्या एस. एच. बेन्सन या जाहिरात कंपनीत मजकूर लिहीत होत्या. त्याच सुमारास जॉन कुर्नोस या लेखकावर त्यांचे प्रेम होते. लग्नावर आणि मुलांवर आपला विश्वास नाही, असे तो सांगे, आणि सेयर्स यांना लग्नाशिवायचे संबंध नको होते. ते तुटले. नंतर कुर्नोसने दुसऱ्या एका रहस्यकथालेखिकेशी, दोन मुलांच्या आईशी, लग्न केले. कादंबरीतला फिलिप बॉयसही लग्नाच्या विरुद्ध मोठमोठ्या गोष्टी बोलून हॅरिएटला आपल्याबरोबर राहायला लावतो आणि वर्षभराने बक्षीस दिल्यासारखा लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. आपली परीक्षा घेतली गेली, हे कळल्यावर ती निघून जाते. लोकांना हे कारण पटत नाही. लग्नाला तयार झालेल्या पुरुषाला बाई सोडेलच कशी, असे सरकारी वकील विचारतात. १९२४ मध्ये दुसऱ्या एका नात्यातून सेयर्स यांना मुलगा झाला आणि त्यांनी तो चुलतबहिणीकडे वाढवला. हयातीत ही गोष्ट त्यांनी जगापुढे येऊ दिली नाही. लग्नाशिवाय राहिलेल्या बाईला न्यायालयात काय ऐकावे लागते, हे लिहिणारी लेखिका स्वतः हे गुपित सांभाळत होती. हॅरिएटच्या वाट्याला येणारे न्यायाधीशांचे शब्द त्यामुळेच इतके बोचतात.

आणि तरीही ज्यूरी हॅरिएटला दोषी ठरवत नाही, कारण ज्यूरीत मिस क्लिम्प्सन आहेत.

१९१९ च्या कायद्याने बायकांना ज्यूरीत बसायची मुभा मिळाली होती. एडिथ थॉम्प्सनच्या ज्यूरीत अकरा पुरुष आणि एक बाई होती. निर्णय एकमतानेच व्हावा लागे, त्यामुळे एक ठाम माणूस खटला अडवू शकत होता. मिस क्लिम्प्सन म्हणजे वय उलटलेली, देवभोळी, चहाच्या टेबलावर चटचट बोलणारी अविवाहित बाई. इंग्रजी विनोदात जिची हटकून टिंगल होई, त्या वर्गातली. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सतरा लाखांहून जास्त बायका भरल्या. महायुद्धात तरुण मेले होते आणि वर्तमानपत्रांत या बायकांना उघडपणे ‘फाजील’ म्हटले जाई. सेयर्स यांनी याच बायकांचे एक कार्यालय कादंबरीत उभारले. वरून टंकलेखनाचे, आतून लॉर्ड पीटर विम्सीसाठी चौकशी करणारे. हा विम्सी म्हणजे सेयर्स यांचा श्रीमंत, हौशी गुप्तहेर. हॅरिएटला पिंजऱ्यात पाहताच तिच्या प्रेमात पडलेला. पण खुन्यापर्यंत पोचायचा निम्मा रस्ता तो चालत नाही, त्या बायका चालतात. मिस मर्चिसन अर्कार्टच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून शिरून पांढऱ्या भुकटीची पुडी शोधते. मिस क्लिम्प्सन दूरच्या गावी एका नर्सला प्लँचेटच्या नादी लावून खुनामागच्या मृत्युपत्राचा पत्ता लावतात.

मिस क्लिम्प्सन ज्यूरीत कशामुळे अडून बसतात, हे फार बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांच्याकडे पुरावा नसतो. आरोपीचे वागणे, चेहरा, उभे राहणे हाही पुराव्याचाच भाग आहे, असे त्या म्हणतात, आणि हॅरिएटकडे पाहून तिने खून केला असेल असे त्यांना वाटत नाही. म्हणजे ज्या तर्काने फ्लॉरेन्स मेब्रिक जन्मठेपेला गेली, त्याच तर्काने हॅरिएट महिनाभर वाचते. सेयर्स यांना हे पुरेसे वाटत नाही. फेरखटल्यापूर्वी विम्सीला खरा पुरावा हवा आहे, मार्शच्या बशीवरचा.

(ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) तो पुरावा स्टिरियातून येतो. खुनी आहे सॉलिसिटर अर्कार्ट. त्याने कित्येक महिने थोडाथोडा सोमल खाऊन शरीराला सवय लावली, मग तडा गेलेल्या अंड्यात सोमल भरला, त्याचे ऑम्लेट फिलिपनेच केले आणि अर्कार्टने निम्मे निर्धास्तपणे खाल्ले. विम्सीचा सेवक बंटर त्या पुडीवर मार्शची कसोटी करतो. अर्कार्टचे केस आणि नखे तपासायला मिळवली जातात. आजचे विषशास्त्र एवढ्या मोठ्या मात्रेपुढे अशा सवयीचा फारसा भरवसा देत नाही. पण मॅडलिन आणि फ्लॉरेन्स या दोघींच्या बचावाला जी गोष्ट आली होती, तीच सेयर्स यांनी खऱ्या खुन्याविरुद्ध वापरली, हे पाहून त्यांच्या वाचनाची आणि धाडसाची दाद द्यावीशी वाटते. सोमलाने मारणारा सॉलिसिटरही हवेतला नव्हता. हे-ऑन-वाय गावचा सॉलिसिटर हर्बर्ट रौस आर्मस्ट्राँग बायकोला सोमल घातल्याबद्दल मे १९२२ मध्ये फासावर गेला होता. गावातल्या दुसऱ्या सॉलिसिटरला त्याने चहाबरोबर सोमलाचा स्कोन दिला, तिथून तो पकडला गेला. स्वयंपाकघराशी काही संबंध नसलेला, प्रतिष्ठित, कॉलरवाला पुरुष. पोलिसांनीही त्याच्यावर संशय घ्यायला कित्येक महिने लावले.

हॅरिएट सुटते. इथे रहस्यकथेचा रिवाज असा की तिने विम्सीशी लग्न करावे. सेयर्स यांचाही बेत तोच होता. विम्सीचे लग्न लावून त्याला एकदाचे संपवायचे, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. पण पान लिहिताना त्यांना ते जमेना. ज्याने आपल्याला फासावरून उतरवले, त्याच्या उपकाराखाली बाई लग्न करील तर ते कोणाच्याच मानाचे होणार नाही. म्हणून हॅरिएट नकार देते.

पुढच्या कादंबऱ्यांत सेयर्स यांनी जे लिहिले ते मॅडलिन आणि फ्लॉरेन्स यांच्या उरलेल्या आयुष्याशी ताडून पाहावे. हॅरिएट नाव बदलत नाही, परदेशी जात नाही. तिच्या पुस्तकांचा खप खटल्यामुळे वाढतो आणि तिला त्याची लाज वाटते. ‘हॅव हिज कारकस’मध्ये (१९३२) तिला समुद्रकिनाऱ्यावर प्रेत सापडते आणि वार्ताहर पहिल्यांदा जुना खटलाच आठवतात. ‘गॉडी नाइट’मध्ये (१९३५) ती ऑक्सफर्डच्या आपल्या जुन्या कॉलेजात जाते, तेही दारातून परत फिरावे का असा विचार करत. तिथल्या प्राध्यापिका मात्र तिला तिच्या लेखनाबद्दल, संशोधनाबद्दल विचारतात. कामासाठी मान मिळाल्यावरच ती विम्सीला होकार देते. तो मागणी घालतो आणि ती मान्य करते ती विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातल्या लॅटिन शब्दांत, एका पदवीधराने दुसऱ्या पदवीधराला विचारावे तशी. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, आणि तिथे पहिल्या तुकडीत पदवी घेणाऱ्यांत डोरोथी सेयर्स होत्या.